परसरामभाऊ महाराज नव्हते

परसरामभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराशी उकिडवा बसून कोमट पाणी पीत होतो. ही माझी रोजची बैठक आहे आणि ती मला त्यांनीच लावली. फोन त्यांच्या मुलीचा, वर्षाचा होता. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मग जरा थांबून, हे मला सांगायलाच हवं अशा आवाजात म्हणाली, "पाणी पिऊन झालं होतं त्यांचं. सगळं झालं होतं. पेपर घेऊन खुर्चीत बसले, अन् मग उठलेच नाही..." खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो, माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. मनात आलं, बरं झालं, पोट साफ होऊन गेला माणूस. परसरामभाऊंना न ओळखणाऱ्याला हे विचित्र वाटेल. ओळखणाऱ्याला कळेल की त्यांच्या हिशेबानं याहून चांगलं मरण नव्हतं.

मी एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होतो आणि ते ड्रायव्हर. नव्वदच्या दशकात बरीच वर्षं आमची जोडी एका मुक्कामी गाडीवर होती. चंद्रपूरहून दुपारी निघायचं, चामोर्शीच्या पुढं जंगलात शिरायचं, दिवेलागणीला शेवटच्या गावी पोचायचं, रात्री तिथंच राहायचं आणि पहाटे तीच गाडी घेऊन परतायचं. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तळं, धानाची बांधी, पलीकडं सागवान, आणि गोंडांची व मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं, एवढं पुरे. त्याच गावची माणसं भाऊंच्या तेरवीला चंद्रपूरला आली होती. जेवणं झाल्यावर तिथले म्हातारे पोलीस पाटील भाऊंच्या बायकोसमोर, वहिनींसमोर, हात जोडून बसले आणि म्हणाले, "बाई, आमी गाववाल्याईनं ठरवलं हाये. महाराज जिथी जपाले बसत होते ना, त्या विहिरीजवळ ओटा बांधतो. वर दगड ठेवतो, शेंदूर लावतो. तुमी फक्त हो म्हणा." वहिनींनी आधी पाटलांकडं पाहिलं, मग वर्षाकडं. "कोणते महाराज?" त्यांनी विचारलं. पाटील माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "कंडक्टरभाऊले मालूम हाये ना सारं." सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या आणि मी पत्रावळीतल्या उरलेल्या बुंदीकडं बघत राहिलो. कारण जपाची ती गोष्ट माझी होती. ज्या माणसानं जन्मात गाडीच्या बोनेटवरही कधी देवाचा फोटो लावला नाही, तो माझ्यामुळं आता शेंदूर लागलेला दगड होणार होता.

त्याचं असं झालं. मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरला पहाटे मोकळं होऊन यावंच लागतं. एकदा गाडी निघाली की रस्त्यात थांबायची सोय नसते, आणि ती उशिरा निघाली तर कोर्टाची तारीख, दवाखाना, कॉलेज, बाजार, सगळ्यांचंच चुकतं. आणि परसरामभाऊंचं नेमकं तेच अडलेलं असायचं. दिवसभर इंजिनाच्या धगीवर बसायचं, वाटेत लघवीला थांबावं लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही. त्यांच्या गाडीत पाणी फक्त रेडिएटर पीत असे. वरून तंबाखू-सुपारीचा खर्रा, चहा, आणि मुक्कामाला पाटलांकडं भात आणि वाळलेल्या झिंग्यांची झणझणीत चटणी. पहाटे टमरेल घेऊन ते तळ्यामागं जात आणि तिकडंच राहात. इकडं गाडी भरलेली. बाया टोपल्या मांडीवर घेऊन बसलेल्या, कोंबड्या पाय बांधलेल्या, आणि मी दारात बेलची दोरी धरून उभा. "काऊन जी, ड्रायव्हरसाहेब कुठी गेले?" येऊन राह्यले, म्हणायचो. "लय वेळ झाला जी." येऊन राह्यले. पण एका पहाटे पाटलांना गडचिरोलीला तारखेला जायचं होतं. ते उतरले आणि बॅटरी घेऊन सरळ तळ्याकडं चालायला लागले. मला भाऊंचं तोंड डोळ्यांसमोर आलं. या दुखण्याची त्यांना फार लाज होती, कोणाले सांगू नको बे, असं त्यांनी मला बजावलं होतं. मी ओरडलो, "पाटील, तिकडं जाऊ नका! भाऊ जपाले बसले हायेत!" पाटलांनी बॅटरी विझवली, चप्पल काढून हातात घेतली आणि पाय न वाजवता परत आले.

मागाहून भाऊंना सांगितलं तेव्हा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले. "जपच हाये बे तो," म्हणाले, "साऱ्या देवाईचे नावं घेऊन झाले, एकबी पावला नाई."

हसण्यावारी गेलं ते तेवढ्यापुरतं. काही महिन्यांनी रक्त पडायला लागलं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, सध्या औषध देतो, पण पाणी आणि पोटाची सवय सुधारली नाही तर ऑपरेशन, आणि मग लांबची ड्यूटी विसरा. गाडी सुटेल या भीतीनं माणूस हलला. एका शाळेच्या हॉलमध्ये निवृत्त पीटी मास्तर सकाळी योगाचा वर्ग घ्यायचे, तिथं सुट्टीच्या दिवशी जायला लागले. मलाही ओढून न्यायचे. आसनांची संस्कृत नावं त्यांच्या तोंडात बसेनात, तेव्हा त्यांनी ती आपल्या भाषेत बसवली. उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी, म्हणजे रेडिएटर भरणं. दोन्ही हात वर ताणून टाचा उचलायच्या ते ताडासन, त्याचं नाव कॅरिअरवरचं बोचकं काढणं. पाय रोवून कमरेतून मागं वळायचं कटिचक्रासन, ते रिव्हर्स घेणं. टाचा टेकवून पूर्ण उकिडवं बसायचं ते चाक बदलणं. पाठीवर पडून गुडघे पोटाशी आवळायचे ते पवनमुक्तासन. त्याला ते डबल बेल म्हणत. "ही दिली का गाडी निघालीच पाह्यजे." आणि रात्री जेवण झाल्यावर वज्रासन, म्हणजे गाडी हँडब्रेकवर लावणं. खाली अंथरायला त्यांनी डेपोच्या भंगारातून फाटक्या सीटचं हिरवं रेक्झिन मागून आणलं होतं. पट्ट्यासारखं कापून, गुंडाळी करून ते ड्रायव्हर सीटमागं ठेवायचे.

चमत्कार काही झाला नाही. पहिले काही दिवस तर कंबर तेवढी धरली आणि पोट होतं तिथंच होतं. "मास्तरनं फसवलं," म्हणून शिव्या देत देत करत राहिले. खर्रा सोडताना जीव मेटाकुटीला आला. चामोर्शीच्या बाजारातून पालक, भेंडी, जाम म्हणजे आमच्याकडचे पेरू विकत घेऊन मुक्कामाला न्यायला लागले. पाटलीणबाई म्हणायची, "ड्रायव्हरभाऊ आमच्या घरी भाजी घेऊन येतेत, जसा का मी भाजीच रांधत नाई!" पण रुजलं हळूहळू. एका पहाटे तळ्याकडून परत आले ते शीळ घालत. गाडीत माणसंही पुरती चढली नव्हती. मला म्हणाले, "वामन, आज तूच लेट हायेस."

तळ्यामागचं बसणं कमी झालं आणि विहिरीच्या चौथऱ्यावरचं वाढलं. धुक्यात हिरवा पट्टा अंथरून, डोळे मिटून, श्वास धरून हा माणूस वाकतो, वळतो, उकिडवा बसतो. पाण्याला येणाऱ्या बाया लांबूनच थबकायच्या. जप तर गावाला आधीच मालूम होता, आता तो डोळ्यांनी दिसायला लागला. मग गाडीच्या पुढच्या चाकाशी उदबत्ती दिसू लागली. बंपरवर नारळ फुटू लागले. भाऊंना वाटायचं, गाव गाडीची पूजा करतं. नव्या रस्त्याची गाडी, लोकांना कौतुक आहे. मला कळत होतं ते कशाचं आहे. बाया मला हळूच विचारत, "महाराजाले काय चालते जी? फूल का उदबत्ती?" आणि मी सांगायचो, नारळ चालतो. खोबरं मी खायचो... यात काय वाईट आहे, असं मला वाटायचं. गाडीत भांडणं कमी झाली होती, सुट्ट्या पैशांवरून कोणी आवाज चढवत नव्हतं. महाराजांच्या गाडीचा कंडक्टर म्हणून माझाही मान वाढला होता.

गावात मैना नावाची ढिवराची नवी सून होती. थंडीचे दिवस होते. आम्ही रोजच्यासारखे संध्याकाळी पोचलो, पाटलांकडं जेवलो, गाडीत सीटवर पथारी टाकून झोपलो. पहाटे भाऊ चौथऱ्यावर पाठीवर पडून गुडघे आवळत होते आणि चार माणसं बाज खांद्यावर घेऊन आली. बाजेवर मैना. अंग तापलेलं, पाय पोटाशी दुमडलेले, पोटाला कोणी हात लावला की किंचाळत होती. तिची सासू भाऊंच्या पायावर पडली. "महाराज, पोटावरून हात फिरवा." भाऊ उठून बसले. त्यांना आधी काही समजेचना. "कवापासून दुखून राह्यलं?" "परवापासून जी. काल सांजपासून लय वाढलं." "काल सांजी? काल सांजी तं गाडी इथी उभी होती ना! काऊन सांगतलं नाई?" सासू म्हणाली, "सकाळी जपातून उठलात का तुमच्या हाताले गुण असते, म्हणून वाट पाहून राह्यलो होतो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. हिरवा पट्टाही न गुंडाळता बाजेचं एक टोक त्यांनी स्वतः धरलं, मैनेला मागच्या लांब सीटवर निजवलं आणि गाडी काढली. त्या दिवशी भाऊंनी वाटेतला एकही थांबा घेतला नाही. थांब्यावरची माणसं हात दाखवून, शिव्या देऊन मागं पडत गेली. गाडीत चढलेल्यांपैकी काहींना मध्येच उतरायचं होतं. ते ओरडायला लागले तेव्हा भाऊ मागं न बघता म्हणाले, "परत येतानी उतरा, तिकीट लागणार नाई." गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्याच्या पोर्चमध्येच गाडी घातली. अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टरांनी लगेच आत घेतलं. बाहेर येऊन ते म्हणाले, वेळेवर आणलं म्हणता येणार नाही, पण आणलं. मैना वाचली.

पुढच्या मुक्कामाला पहाटे गाडी भरल्यावर भाऊ ड्रायव्हरच्या दारातून चढलेच नाहीत. मागून आले आणि माझ्या पायरीवर उभे राहिले. बाहेर निम्मं गाव जमलं होतं, हातात नारळ, कारण मैना वाचल्याचा निरोप पोचला होता. जे दुखणं कोणाला सांगू नको म्हणून मला बजावलं होतं ते त्यांनी साऱ्या गावासमोर मोठ्यानं सांगितलं. "आयका! मी जप नाई करत. मले दोन-दोन दिवस संडास होत नव्हता. म्हणून पोटाची कसरत करून राह्यलो." आधी कोणाला कळेचना, मग एक बाई पदर तोंडात कोंबून हसली आणि सगळी गाडी हसायला लागली. भाऊ हसले नाहीत. "मलमूत्राची गोष्ट हाये म्हणून लाजलो, तं एक पोरगी मरत होती. माझ्या हातात काई नाई. ज्याचं पोट साफ होत नाई त्यानं या कसरती माझ्यासंगं कराव्या. पण पोट दुखलं, ताप आला, तं गाडीत येऊन मले उठवा. रात्री बारा वाजता गाडी काढीन." मग माझ्याकडं वळले. "आता सांग बे वामन. जप कोणं काढला होता?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. हातात बेलची दोरी होती. मी डबल बेल दिली.

दोन टोल पडले की ड्रायव्हरनं गाडी काढायची, ही त्यांच्या हाडात बसलेली सवय. ते क्षणभर उभे राहिले, मग उतरून पुढं गेले आणि इंजिन सुरू केलं. गाडी जंगल ओलांडून डांबरी रस्त्याला लागली. मग आरशात माझ्याकडं बघत म्हणाले, "बेल वाजली का मले निघाच लागते, हे तुले पक्कं मालूम हाये." बस, एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय कधीही काढला नाही. मी मात्र आजवर कितीतरी वेळा मनात त्या पायरीवर उभा राहिलो आहे आणि दोरी सोडून बोललो आहे. गावातले निम्मे लोक त्या दिवशी समजले. निम्मे म्हणाले, खरा महाराज आपलं मोठेपण असंच लपवतो. त्यांचा गैरसमज एक माणूस मोडू शकत होता, आणि तो बेल वाजवून मोकळा झाला होता.

पण पुढची वर्षं फार सुखाची गेली, हेही सांगितलं पाहिजे. भाऊंनी लाज सोडली आणि गावानंही सोडली. पहाटे चौथऱ्यावर आधी एक म्हातारा येऊन बसला. लाजत म्हणाला, "मलेबी तुमच्यासारखंच हाये जी." मग पाटील आले, मग तळ्यावर जाळं टाकणारे ढिवर आले. पाटलांना पवनमुक्तासनात आवाज करून मोकळं व्हायची सवय लागली. पोरं ओरडायची, "पाटलाची डबल बेल झाली, चला!" आणि पाटीलच सगळ्यांत आधी हसायचे. बाया समोर येत नसत. पाटलीणबाई आमच्याकडून एकेक आसन समजून घेऊन घराघरांत पोचवायची. ताप, जुलाब, पोटात कळ, असं काही असलं की भाऊ चौथऱ्यावरून उठवून देत, "हे कसरतीचं काम नाई, गाडीत बस." बाळंतिणीला आणि ऑपरेशन झालेल्याला दवाखान्यात विचारल्याशिवाय वाकू देत नसत. त्यामुळं गाडीला पेशंटही जास्त मिळू लागले आणि ते आधी मिळू लागले, याचं त्यांना आसनांपेक्षा जास्त समाधान होतं.

आम्ही निवृत्त झालो तसा त्यांच्या चंद्रपूरच्या अंगणात मी रोज सकाळी जायला लागलो. दोघे म्हातारे शेजारी शेजारी गुडघे आवळून पडायचो, वहिनी दारातून म्हणायच्या, "गाडी सुटली का अजून हायेच?" कधीतरी मी म्हणायचो, "भाऊ, त्या दिवशी पायरीवर..." ते म्हणायचे, "आधी पाणी पे." मी पाणी प्यायचो आणि विषय पोटात जायचा.

म्हणून तेरवी झाल्यावर मी गप्प बसलो नाही. बसलो, खरं तर, पण आठ-पंधरा दिवसच. मग वर्षाला बरोबर घेतलं आणि त्याच रस्त्यानं त्या गावाला गेलो. गाडी आता तिसराच ड्रायव्हर चालवतो. रात्र पाटलांकडं काढली, पालकाची भाजी होती. पहाटे गाडी भरली तेव्हा कंडक्टर पोराला म्हणालो, बाळा, दोरीला हात लावू नको, आणि पायरीवर उभा राहिलो. जपाची गोष्ट कोणी काढली, का काढली, नारळ कोणी खाल्ले, सगळं सांगितलं. मैनेच्या सासूचं नाव घेऊन माफी मागितली, ती आता नाही. मग गर्दीतून एक बाई पुढं आली. मी तिला ओळखलं नाही. मैना होती ती, आता तिची पोरगी चामोर्शीला शिकते. म्हणाली, "भाऊ, मले तं तवाच मालूम होतं. दुखत मले होतं ना? मागच्या सीटवर पडल्या पडल्या पाहून राह्यली होती, ड्रायव्हरभाऊ घामानं भिजले होते अन् रडून राह्यले होते. महाराज कुठी रडते का?"

त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. मी पुढं त्यांच्याजवळ जायला धजलोच नव्हतो त्या दिवशी.

पाटलांचा चेहरा उतरला. "मंग ओट्याचं काय करू? विटा येऊन पडल्या हायेत." मैना म्हणाली, "ओटा कायले? या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर आजबी टमरेल घेऊन तळ्यामागं जातेत. त्याईच्यासाठी संडास बांधा ना जी." पाटील दचकले. "अवो, संडासाले महाराजाचं नाव?" "महाराजाचं नाई," मैना म्हणाली, "ड्रायव्हरचं." सगळे वर्षाकडं बघायला लागले. मला वाटलं, पोरगी रडणार. ती डोळे पुसत हसली आणि म्हणाली, "बाबा असते ना, तर उद्घाटनाला सगळ्यांच्या आधी पोचले असते." मागून गाडीच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. वेळ झाली होती. विहिरीजवळ त्या विटा आता रचल्या जात आहेत असा निरोप आहे.

हिरवा पट्टा वहिनींनी मला दिला. टाचांच्या जागी रेक्झिन पांढरं पडलं आहे, आणि एका कडेला खर्ऱ्याचा जुना डाग आहे, सोडायच्या आधीचा. रोज सकाळी मी तो आमच्या मागच्या दाराशी अंथरतो. रेडिएटर भरतो, कॅरिअरवरचं बोचकं काढतो, रिव्हर्स घेतो, चाक बदलतो. शेवटी पाठीवर पडून गुडघे पोटाशी घेतो आणि डबल बेल देतो. कंडक्टरची जन्माची सवय आहे, बेल दिली की कान पुढं लागतात. पुढं कोणी नाही, हे ठाऊक असतं. तरी मी तसाच गुडघे धरून थांबतो... थोड्या वेळानं पोटात कुठंतरी गुरगुरतं, आणि गाडी निघते.